‘द इनर लाइट’ : बीटल्सचं मुंबईत घडलेलं गाणं

उंबरठा न ओलांडताही जग कळतं, उलट माणूस जितका लांब जातो तितकं त्याला कमी कळतं, असं सांगणारं गाणं बिरसीत ऐकायला मजा येते. गोंदियाजवळच्या या गावाला बाहेरचे लोक ओळखतात ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. गाणं आहे बीटल्सचं, ‘द इनर लाइट’. आणि घरी बसा म्हणणारं हे गाणं स्वतः मात्र भलतंच फिरलेलं आहे.

शब्द मुळात चीनचे, लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’मधल्या ४७व्या प्रकरणातले. केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे आणि गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारे हुआन मास्कारो यांनी १९६७ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनला आपलं ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हे संकलन पाठवलं आणि यातल्या वचनांना चाल का लावत नाहीस, असं सुचवलं. हॅरिसननं शब्दांची फारशी मोडतोड केली नाही. एकच वचन त्यानं दोनदा वापरलं : एकदा ‘मी’ म्हणून, एकदा ‘तू’ म्हणून. या एवढ्याशा बदलानं प्रवचनाचं गाणं झालं.

जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत आला तो ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन ट्रॅकचं यंत्र होतं, तेही ईएमआयच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवलेलं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येई. तिथंच याही गाण्याचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झाला. सरोदवर आशीष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, पखवाजावर महापुरुष मिश्र, पेटीवर रिजराम देसाद. गिटार नाही, ड्रम नाहीत. चार बीटल्सपैकी एकानंही इथं वाद्याला हात लावलेला नाही.

बांधणी ऐकण्यासारखी आहे. आरंभी संथ सूर, मग पखवाजावर धावणारा वाद्यांचा तुकडा, आणि तो एकदम थांबून शांत गायन. ओळ संपली की वाद्यं उत्तर देतात. शास्त्रीय मैफलीसारखा विस्तार नाही. अडीच-पावणेतीन मिनिटांत कारभार आटोपतो. मला ही रीत मुखडा-अंतऱ्याच्या मधे वाद्यांचे तुकडे पेरणाऱ्या आपल्या सिनेगीताच्या जवळची वाटते. हॅरिसनच्या आधीच्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये तत्त्वज्ञान जड होतं. इथं चालच इतकी गोड आहे की उपदेश टोचत नाही. आमच्याकडच्या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्री नाटकातली पेटी ऐकत वाढलेल्या कानाला तर हे गाणं परकं वाटूच नये.

फेब्रुवारीत लंडनच्या अ‍ॅबी रोडवर हॅरिसननं आवाज दिला. शेवटच्या ओळींत लेनन आणि मॅकार्टनीचे स्वर मिसळतात. १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते आलं. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर जागा मिळालेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं, आणि त्याच वेळी बीटल्ससाठी त्यानं हिंदुस्थानी घाटात रचलेलं शेवटचंही.

मागच्या बाजूला पडल्यानं ते बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं. हॅरिसनच्या मृत्यूनंतर, २९ नोव्हेंबर २००२ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जेफ लिन यांनी ते गायलं, अनुष्का शंकर सतारीवर होत्या. २०१४ मध्ये ‘वंडरवॉल’चा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्यात मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाचा एक वेगळा, गायनाविना नमुनाही दिला गेला. आधी तो ऐकावा, मग गाणं.