यंत्रमानवाचे कुलूप : आत की बाहेर?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे नसण्याच्या प्रथेमुळे देशभर ठाऊक आहे. येथे चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो, ही श्रद्धा त्या प्रथेच्या मुळाशी आहे. म्हणजे कुलूप आहेच; फक्त ते दारावर नसून माणसाच्या मनात आहे. वाईट कृत्यापासून रोखायचे ते बाहेरच्या बंधनाने की आतल्या, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच कायद्यालाही जुना आहे. तोच प्रश्न गेली सत्तर वर्षे एका अनपेक्षित ठिकाणी हिरिरीने चर्चिला जात आहे. ते ठिकाण म्हणजे यंत्रमानवांच्या चित्रकथा आणि त्यांच्या कथानकांवर रात्र रात्र वाद घालणारे त्यांचे चाहते.

वरवर पाहता हे वाद पोरकट वाटतात. अमुक यंत्रमानव तमुकापेक्षा बलवान कसा, मागील अंकात नष्ट झालेला या अंकात कसा परतला, असे त्यांचे स्वरूप असते. तथापि थोडे खोलात गेल्यास बहुतेक वाद दोन प्रश्नांपाशी येऊन ठेपतात. यंत्र कोणाच्या आज्ञेत वागते? आणि त्याच्या हातून अनर्थ घडला तर दोषी कोण?

शब्दातच वेठबिगारी

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द सुचवला तो चापेक यांचे बंधू योसेफ यांनी. 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्या भाषेत वेठबिगारी. मराठीने त्यासाठी 'यंत्रमानव' हा शब्द घडवला आणि नकळत त्या वेठबिगाराला 'मानव' करून टाकले. या दोन शब्दांमधील अंतर म्हणजेच या चित्रकथांचा सारा प्रवास होय.

बाहेरचे कुलूप : पेटी ज्याच्या हाती

जपानी चित्रकथाकार मित्सुतेरू योकोयामा यांची 'तेत्सुजिन २८' ही मालिका १९५६ ते १९६६ या काळात 'शोनेन' मासिकात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात गुप्त शस्त्र म्हणून आखलेला हा महाकाय पोलादी यंत्रमानव युद्ध संपल्यावर शोतारो या मुलाच्या ताब्यात येतो. त्याला स्वतःची बुद्धी नाही. नियंत्रणाची पेटी ज्याच्या हाती, त्याचा तो सेवक. खलपात्रांनी पेटी पळवली की कालचा रक्षक आजचा संहारक होतो. योकोयामा यांचा जन्म १९३४ सालचा, कोबे शहरातला. त्या शहराने महायुद्धातील बॉम्बहल्ले सोसले होते. शस्त्राला मित्र-शत्रू कळत नाही, हे त्या पिढीला शिकवावे लागले नव्हते. १९९५ च्या भूकंपात याच कोबेची पुन्हा वाताहत झाली आणि पुनर्वसनाचे प्रतीक म्हणून २००९ मध्ये तेथे तेत्सुजिनचा पंधरा मीटरहून उंच पुतळा उभारण्यात आला.

योकोयामा यांची दुसरी निर्मिती मराठी वाचकांच्या एका पिढीला चांगलीच परिचित आहे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेलेली 'जायंट रोबोट' ही मालिका त्यांच्या १९६७ सालच्या चित्रकथेवर आधारलेली होती. जॉनी सोको हा मुलगा मनगटावरील घड्याळात बोलून आज्ञा देई आणि रोबोट ती पाळी. प्रथम ऐकलेल्या आवाजाचीच आज्ञा मानायची, अशी त्याची घडण असल्यामुळे येथे कुलूप पेटीऐवजी आवाजाला लागले होते. मालिकेच्या अखेरीस मात्र रोबोट जॉनीची परत फिरण्याची आज्ञा धुडकावतो, शत्रूला कवेत घेऊन अवकाशात झेपावतो आणि स्वतःही नष्ट होतो. ज्याला केवळ आज्ञापालनच ठाऊक होते, त्याचे सर्वांत थोर कृत्य आज्ञाभंगाचे ठरावे, ही विसंगती चाहत्यांना आजही स्वस्थ बसू देत नाही. तो यंत्रातील बिघाड होता की यंत्रात जागा झालेला विवेक, याचे उत्तर कथा देत नाही.

आतले कुलूप : अ‍ॅटमचे काळीज

त्याच 'शोनेन' मासिकात १९५२ पासून ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान अ‍ॅटम' प्रसिद्ध होत होती. पाश्चात्त्य जगात ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' म्हणून ओळखली जाते. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ डॉ. तेन्मा त्याच्याच रूपाचा यंत्रमानव घडवतो. हा मुलगा वाढत नाही असे ध्यानी आल्यावर तोच पिता त्याला सर्कशीत विकतो. पुढे डॉ. ओचानोमिझू त्याला सोडवून आपलासा करतात. अ‍ॅटमला पेटी नाही. त्याच्यावर बंधन आहे ते यंत्रमानवांच्या कायद्यांचे. माणसाला इजा करायची नाही, हे त्यातील प्रमुख. अमेरिकी लेखक आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ च्या एका कथेत मांडलेले यंत्रमानवांचे तीन नियम याच जातकुळीचे आहेत. पहिला नियम माणसाला इजा न करण्याचा, दुसरा त्याची आज्ञा पाळण्याचा आणि तिसरा स्वतःला जपण्याचा. मागील नियम नेहमीच पुढच्याहून श्रेष्ठ.

आतले कुलूप बाहेरच्यापेक्षा सुरक्षित वाटते, कारण ते कोणाला पळवता येत नाही. पण शनिशिंगणापूरचाच अनुभव पाहावा. तेथे २०११ मध्ये युको बँकेने कुलूपविरहित शाखा उघडली, ती श्रद्धेचा मान राखून. याच गावात २०१५ मध्ये पोलीस ठाणेही सुरू झाले. श्रद्धा आतून रोखते ती ज्याच्या ठायी ती आहे त्याला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती असेलच असे नाही. यंत्रमानवांच्या कथेतही पेच हाच आहे. नियम पाळणारे यंत्र आणि नियम न मानणारी माणसे एकाच जगात राहू लागली की हानी सोसतो तो नियम पाळणाराच. अ‍ॅटमच्या अनेक कथा याच दुःखावर उभ्या आहेत.

चालक नसलेली यंत्रे

१९८४ साली आलेल्या 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिकेने पुढचे पाऊल टाकले. मूळ खेळणी 'ताकारा' या जपानी कंपनीची. तिच्या 'डायक्लोन' मालिकेतील यंत्रांत बसायला इवलेसे चालक असत. अमेरिकेतील 'हॅस्ब्रो' कंपनीने ती खेळणी नव्या नावाने विकायला घेतली आणि 'मार्व्हल'कडे कथा सोपवली, तेव्हा चालक गळाला. मोटारी, विमाने यांची रूपे घेणारी ही यंत्रे आता सायबरट्रॉन ग्रहावरील सजीव ठरली. एका बाजूला ऑप्टिमस प्राइमचे ऑटोबॉट, दुसऱ्या बाजूला मेगाट्रॉनचे डिसेप्टिकॉन. बहुतेक पात्रांना नाव आणि स्वभाव दिला तो बॉब बुडियान्स्की या संपादक-लेखकाने. चार अंकांपुरती योजलेली ही मालिका १९९१ पर्यंत ऐंशी अंक चालली. 'चार अंकी मालिकेतील ऐंशीवा अंक' अशी मिश्कील नोंद अखेरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आहे.

या मालिकेच्या चोविसाव्या अंकावर चाहते अजूनही दोन तट पाडून भांडतात. ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन यांचा निकाल एका संगणकीय खेळात लावायचे ठरते. हरेल त्याने नष्ट व्हायचे. ऑप्टिमस जिंकतो. पण जिंकण्याच्या ओघात खेळातील काही निरपराध पात्रांचा बळी गेल्याने तो स्वतःला पराभूत मानतो आणि नाश पत्करतो. खेळातल्या पात्रांना जीव नसतो, तेव्हा हा शुद्ध मूर्खपणा, असे एक पक्ष म्हणतो. नियम पाहणाऱ्यापुरताच पाळायचा असेल तर तो नियम कसला, असे दुसरा पक्ष विचारतो. अंकाच्या शेवटी ऑप्टिमसच्या मनाची प्रत एका संगणकीय तबकडीवर उरते आणि पुढे तीतूनच तो परततो. परतलेला तो तोच का, हा आणखी एक न संपणारा वाद.

यामागे व्यापाराचे गणितही होते. १९८६ च्या चित्रपटात नव्या खेळण्यांना जागा व्हावी म्हणून जुन्या पात्रांना मारण्यात आले. ऑप्टिमसच्या मृत्यूने लहान मुले इतकी व्यथित झाली की १९८७ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत त्याला परत आणावे लागले. येथे खरी पेटी कंपनीच्या हाती होती, पण ती पेटी ओढून घेण्याचे सामर्थ्य वाचक-प्रेक्षकांतही आहे, हे त्या वेळी दिसले.

ब्रिटनमधील आवृत्तीत तर हा संवाद छापील रूपात चाले. ३३२ अंक निघालेल्या त्या साप्ताहिकाला अमेरिकी मासिकातील मजकूर पुरत नसे, म्हणून सायमन फर्मन आदी लेखक मधल्या जागेत नव्या कथा रचत. साहजिकच दोन्हींत विसंगती येत. वाचक पत्रे लिहून त्यांवर बोट ठेवत आणि उत्तरे साउंडवेव्ह, ग्रिमलॉक अशा यंत्रमानवांच्या नावाने दिली जात. त्या पिढीतील जेम्स रॉबर्ट्स या चाहत्याने २००१ साली हौसेने स्वतःची कादंबरी लिहिली आणि २०१२ पासून 'आयडीडब्ल्यू' प्रकाशनाच्या अधिकृत मालिकेचा तो लेखक झाला.

जन्माने ठरलेले काम

रॉबर्ट्सच्या मालिकेत सायबरट्रॉनच्या यादवीमागचे कारण उलगडते. युद्धापूर्वी तेथे 'फंक्शनिझम' नावाची व्यवस्था होती. ज्याचे शरीर ज्या यंत्राचे रूप घेते, तेच त्याचे काम. त्यापलीकडे स्वप्न पाहण्यास मनाई. मेगाट्रॉन हा मूळचा खाणकामगार, अन्यायाविरुद्ध लेखन करणारा. शरीरावरून काम आणि कामावरून पायरी ठरवणारी ही रचना परक्या ग्रहाची आहे, असे मराठी वाचकाला क्षणभरही वाटणार नाही. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महाराष्ट्रात या कथेला तळटीप लागत नाही.

आतले कुलूप नेहमी न्याय्यच असते असे नाही, हा या भागाचा खरा मुद्दा. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियम मनात इतका मुरतो की तो नियम आहे हेच विसरले जाते. शनिशिंगणापुरात चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नसण्याची रूढी अशीच दीर्घकाळ चालत आली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या भूमिकेनंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, ती बाजूला सारण्यात आली. मेगाट्रॉनने मात्र अन्याय्य नियम मोडताना सारेच नियम मोडले आणि असंख्यांचा संहार केला. २०१४ मध्ये कथेने त्याला पश्चात्ताप झालेला नायक म्हणून ऑटोबॉटांच्या नौकेचा कप्तान केले. एवढ्या रक्तपातानंतर पश्चात्तापाला काय किंमत, यावर चाहत्यांचे एकमत आजतागायत झालेले नाही.

निर्दोष यंत्राचा गुन्हा

या परंपरेतील सर्वांत प्रगल्भ कृती म्हणून नाओकी उरासावा यांच्या 'प्लूटो'कडे बोट दाखवता येईल. तेझुकांच्या १९६४-६५ मधील एका अ‍ॅटमकथेचे हे नवे कथन २००३ ते २००९ या काळात आले आणि आठ खंडांत पूर्ण झाले. २००५ मध्ये तेझुकांच्याच नावाचा सांस्कृतिक पुरस्कार तिला मिळाला; २०२३ मध्ये तिचे सजीवपटात रूपांतरही झाले. नायक गेझिख्ट हा यंत्रमानव गुप्तहेर. कथेत ब्राउ १५८९ नावाचा एक यंत्रमानव आहे, ज्याने माणसाचा खून केला. तपासणाऱ्यांना त्याच्या बुद्धीत कोणताही दोष सापडत नाही. नियम बिघडला म्हणून खून झाला असता तर दुरुस्ती शक्य होती. नियम शाबूत असताना झाला, तेव्हा भीती वाटते ती यंत्राची नव्हे, तर त्याच्यात उतरलेल्या माणसाची. द्वेष शिकल्यावाचून यंत्र माणसासारखे होत नाही काय, हा 'प्लूटो'चा प्रश्न इराक युद्धाच्या छायेत विचारला गेला होता.

मराठीत यंत्रमानवाची चित्रकथा-मालिका अशी रुजली नाही. प्रश्न मात्र रुजला. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत प्राचीन संस्कृतीच्या ठेव्यातून हाती आलेल्या ज्ञानावर वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो आणि त्याला आपल्यासारखे यंत्रमानव स्वतःच निर्माण करण्याची विद्या हवी असते. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या बटूचे नाव नारळीकरांनी उगाच निवडलेले नाही. मागणी लहान दिसते तेव्हाच सावध व्हावे, हे त्या नावातच आहे.

आज लिहिणारी, बोलणारी, वाहन चालवणारी यंत्रे घराघरांत येत आहेत. त्यांना कोणते नियम आतून घालायचे, कोणती पेटी माणसाच्या हाती ठेवायची आणि चूक झाल्यास घडवणाऱ्याला, विकणाऱ्याला की वापरणाऱ्याला जबाबदार धरायचे, हे आता कायदेमंडळांपुढील प्रश्न आहेत. त्यांची उजळणी चित्रकथांच्या वाचकांनी कधीच केली आहे.

नव्या वाचकाने आरंभ 'प्लूटो'पासून करावा. ती स्वयंपूर्ण आहे आणि मोठ्यांसाठी आहे. मुलांना अ‍ॅटमच्या कथा द्याव्यात. 'ट्रान्सफॉर्मर्स'चा पसारा मोठा असल्याने २०१२ पासूनच्या रॉबर्ट्स यांच्या मालिकेने सुरुवात करणे सोयीचे; २०२३ पासून 'स्कायबाउंड' प्रकाशनाने कथा नव्याने आरंभली आहे, तेथूनही मागचे काही न वाचता शिरता येते. आणि नारळीकरांचा वामन ज्याच्या वाचनात अद्याप आला नसेल, त्याने तो आधी वाचावा.