एका रात्रीच्या मुक्कामाची कुळकथा

गरम पाण्याच्या झऱ्यावर उभ्या असलेल्या आजच्या जपानी हॉटेलातला दिनक्रम जवळजवळ ठरलेला असतो. दुपारी तीनच्या सुमारास पोचायचं, खोलीत घडी करून ठेवलेला युकाता अंगावर चढवायचा, जेवणाआधी एकदा कुंडात उतरायचं, झोपण्यापूर्वी पुन्हा आणि पहाटे तिसऱ्यांदा. मग न्याहारी, आणि दहा-अकराच्या आत खोली रिकामी. जपानीत या सौद्याला ‘इप्पाकु निशोकु’ म्हणतात, म्हणजे एक रात्र, दोन जेवणं. जाहिराती याला हजार वर्षांची परंपरा ठरवतात, तर टीकाकार म्हणतात की रेल्वेनं आणि पर्यटनधंद्यानं मूळ परंपरेचं केलेलं हे वाटोळं आहे. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. पाणी प्राचीन आहे यात वाद नाही, पण ही एक रात्र जन्मली ती एका फिर्यादीतून.

झऱ्यावर जाण्याची जुनी रीत म्हणजे ‘तोजी’, पाण्याचा उपचार. सात दिवसांचा एक फेरा, आणि गुण यायचा तर असे तीन फेरे, म्हणजे एकवीस दिवस. साधी माणसं तांदूळ बरोबर घेऊन येत, खोली आणि चूल भाड्यानं घेत, स्वतः रांधून खात. शेताच्या कामानं मोडलेली कंबर एका रात्रीत सरळ होत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या हिशेबात एका रात्रीला अर्थच नव्हता.

एदो काळात तोकाइदो या राजमार्गावर वाटसरूनं कुठं मुक्काम करायचा हेही सरकार ठरवी. मार्गावर त्रेपन्न अधिकृत ठाणी होती. सरकारी वाहतुकीसाठी माणसं आणि घोडे सदैव सज्ज ठेवायचा बोजा या ठाण्यांवर असे. त्याच्या बदल्यात वाटसरूंना उतरवून घ्यायचा हक्क त्यांचा. मधल्या गावांनी चहा पाजावा, वाहाणा विकाव्यात, पण रात्री कुणाला ठेवू नये. ओदावारा आणि हाकोने या दोन ठाण्यांच्या मध्ये युमोतो हे झऱ्याचं गाव. तिथं उपचारासाठी येणाऱ्यांना राहू देणं रीतसर होतं. मग यात्रेकरूंचे जथे तिथं एकेका रात्रीपुरते उतरू लागले आणि तेवढ्यालाही ‘तोजी’च म्हणू लागले. गिऱ्हाईक हातचं जातंय हे पाहून ओदावारानं 1805 साली राजमार्गाच्या अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली, आणि निवाडा युमोतोच्या बाजूनं लागला. ‘इचिया तोजी’, एका रात्रीचा उपचार, मान्य झाला. एकवीस दिवसांचं औषध एका रात्रीत बसवणाऱ्या या शब्दातली चलाखी न्याय देणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल, असं मानणं कठीण आहे.

यावर आक्षेप असा की एका निवाड्याला एवढं महत्त्व कशाला? आतामीसारख्या गावात शेकडो खोल्यांची हॉटेलं उभी राहिली ती 1934 साली तान्ना हा रेल्वेचा बोगदा झाला, 1964 साली शिंकान्सेन ही वेगवान गाडी धावली, म्हणून. ते खरंच आहे. पण गाडीनं माणसं आणली. ती कोणत्या रिवाजात बसायची, तो रिवाज आधीच तयार होता. कंपन्यांच्या सहली म्हणजे यात्रेकरूंच्या जथ्यांचेच नातू. शिवाय, नुसत्या मागणीनं भागत असतं तर राजमार्गावरच्या प्रत्येक मधल्या गावाला उघडपणे खाणावळी-सराया चालवता आल्या असत्या. युमोतोला ते जमलं, कारण त्याच्याकडे झरा होता आणि झऱ्याबरोबर ‘उपचार’ हा शब्द होता. जेवणाचंही तसंच असावं: एका रात्रीसाठी तांदळाचं ओझं कोण वाहील? स्वयंपाक यजमानाकडे जाणं ओघानंच आलं.

हॉटेलच्या आतलं कुंड मात्र या गोष्टीत फार उशिरा येतं, आणि तेही भांडत. बऱ्याच गावांत पाणी साऱ्या गावाचं असे आणि पाहुणे बाहेरच्या सार्वजनिक स्नानगृहात जात. किनोसाकी हे असंच एक झऱ्याचं गाव 1925च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. गाव पुन्हा उभं राहताना एका सराईनं स्वतःच्या छपराखाली कुंड बांधायला घेतलं आणि गाव तिच्यावर उलटलं. कज्जा मिटायला 1950 उजाडलं. आतलं कुंड चालेल, पण ते लहान असावं, अशी तडजोड झाली. म्हणून तिथं आजही पाहुणे युकाता आणि लाकडी गेता घालून संध्याकाळी रस्त्यानं खडखडत सार्वजनिक स्नानगृहांकडे निघालेले दिसतात. (हा युकाताही मुळात ‘युकाताबिरा’, वाफेच्या स्नानात सरदार-दरकदार घालत ते पातळ वस्त्र.)

मग उपचार हा निव्वळ बहाणाच उरला का? बराचसा, हो. पण बहाण्यानं आपल्या खुणा सोडल्या आहेत. कपडे काढायच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावलेला असतो: झऱ्याचं तापमान, पाण्यातले क्षार, कोणत्या दुखण्यात उतरू नये याची यादी. 1948च्या कायद्यानुसार उगमाशी पंचवीस अंश सेल्सिअस तापमान, किंवा ठरवून दिलेल्या एकोणीस घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात, एवढं असलं की पाणी ‘ओन्सेन’, म्हणजे गरम झरा, ठरतं, आणि असा तक्ता लावणं बंधनकारक असतं. सकाळी हिशेब चुकता करताना खोलीच्या भाड्याखाली आणखी एक ओळ दिसते, सहसा दीडशे येनची. ते मुक्कामाचे पैसे नव्हेत. तो स्नानाचा कर.