टांकसाळभेटीची नाणी

राजा, राणी किंवा युवराज टांकसाळ पाहायला आला असता त्याच्यासमोर, किंवा त्या भेटीची आठवण म्हणून, पाडलेली नाणी व नाण्याच्या मापाची पदके. धातू आणि आकार चलनी नाण्याचा, पण पुष्कळांवर मूल्य छापलेले नसते. त्यामुळे नाणी जमवणारे त्यांना पदके म्हणून बाजूला सारतात आणि पदके जमवणारे नाणी म्हणून. संग्राहकांचे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते ते यामुळेच. वास्तविक टांकसाळीने स्वतःच्या घरातला प्रसंग स्वतःच्याच यंत्रावर नोंदवून ठेवावा, असा पुरावा नाणेशास्त्रात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

या प्रथेचे सर्वांत गाजलेले उदाहरण पॅरिसचे आहे. जून 1717 मध्ये रशियाचा झार पीटर तेथील पदकांची टांकसाळ पाहायला गेला. त्याच्यासमोर यंत्र फिरले, पदक बाहेर पडले. ते हातात घेतो तो त्यावर त्याचाच चेहरा. ठसा झां द्युव्हिव्हिएचा. मागील बाजूस कर्णा घेतलेली कीर्तिदेवता आणि व्हर्जिलच्या काव्यातले तीन शब्द आहेत. ठसा आधीच कोरून तयार ठेवायचा आणि पाहुण्याला चकित करायचे, हा पायंडा पुढे युरोपभर दिसतो.

फ्रान्स : नेपोलियनच्या पाडावानंतर 1814 मध्ये विजेते राजे पॅरिसमध्ये उतरले. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा यांच्या भेटींची स्मारके 5 फ्रँकच्या मापात आहेत. या मापाचे चलनी नाणे 37 मिलिमीटर व्यासाचे, 25 ग्रॅम चांदीचे. पराभूत राजधानीच्या टांकसाळीने जेत्यांचे मुखवटे कोरावेत, हा इतिहास येथे तळहातावर घेऊन पाहता येतो. लुई फिलिपने मे 1831 मध्ये रूआँच्या टांकसाळीला दिलेल्या भेटीचे स्मारकही याच मापाचे आहे.

संग्राहकाने या तुकड्यांची कड आधी पाहावी, चेहरा नंतर. पॅरिसची टांकसाळ जुने ठसे जपून ठेवी आणि मागणीनुसार त्यांवरून पुन्हा पदके पाडी. 1832 पासून तिने कडेवर चिन्ह उमटवायला सुरुवात केली : आधी दिवा, 1841 मध्ये जहाजाचा नांगर, 1842 पासून जहाजाची नाळ, 1845 पासून बोट दाखवणारा हात, 1860 पासून मधमाशी, 1880 पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. म्हणून 1814 च्या तुकड्यावर मधमाशी दिसली, तर तो भेटीनंतर किमान 46 वर्षांनी पाडलेला आहे, हे निश्चित. असा तुकडा खोटा नव्हे, तो टांकसाळीचाच. पण पाहुणा यंत्राशेजारी उभा असताना पाडलेला तुकडा आणि हा, यांना एकाच किमतीत विकणे अन्याय्य आहे. उलट, चिन्ह नसणे हा जुनेपणाचा पक्का पुरावा मानू नये, कारण कड घासता येते. घासलेल्या कडेचा माग वजनावरून लागू शकतो; त्यामुळे बारीक तराजू जवळ हवाच.

जर्मन राज्ये : येथे भेटीची आठवण थेट टालर या चांदीच्या चलनी नाण्यावर आली. हॅनोव्हरचा 1853 चा आणि सॅक्सनीच्या योहान राजाचा 1855 चा टालर ही प्रसिद्ध उदाहरणे. सॅक्सनीची ड्रेस्डेन येथील टांकसाळ पुढे फ्रायबर्गजवळील मुल्डेनह्युटेन येथे हलली. तेथील 1892 (राजा आल्बर्ट) आणि 1905 (राजा फ्रेडरिक ऑगस्ट तिसरा) या भेटींची स्मारके 2 मार्कच्या मापाची असली, तरी त्यांवर मूल्य नाही.

ब्रिटन : 17 डिसेंबर 1968 रोजी राणी एलिझाबेथ दुसरी यांनी वेल्समधील लँट्रिसंट येथील नव्या टांकसाळीचे उद्घाटन करून यंत्रे सुरू केली.

भारत : 1911 च्या दिल्ली दरबाराची पदके अनेकदा याच गटात विकली जातात. ती दरबाराची आहेत. टांकसाळभेटीशी त्यांचा संबंध नाही.