पिल्सनरचं गाव

परवा शनिवारी दोन पिल्सनर शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. चेक बिअर गोलसर चवीची, माल्टची गोडी असलेली. जर्मन जास्त कोरडी. नाव मात्र दोघींचं एकच! ते आलं बोहेमियातल्या पिल्झेन गावावरून.

१८३८ साली तिथे वैतागलेल्या लोकांनी ३६ पिंपं खराब बिअर टाऊन हॉलसमोर ओतून दिली. मग बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी काढली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोलला आणलं. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिली बिअर बनवायला घेतली. फिकट माल्ट, झाटेकचे हॉप्स, गावचं मृदू पाणी, आणि थंडीत सावकाश आंबवणारं यीस्ट. गडद बिअरच्या त्या जमान्यात ही निघाली सोनेरी!

गंमत म्हणजे १८४५ मध्ये करार संपला आणि ग्रोल घरी परतला. नक्कल मात्र जगभर सुरू झाली. शेवटी १८९८ मध्ये ब्रुअरीने ‘पिल्सनर उर्केल’, म्हणजे मूळ पिल्सनर, हे नाव नोंदवलं.

थोडक्यात काय, ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी फक्त पुण्यातच लागते असं नाही. गावाचं नाव जगाचं झालं, की गावालाच ‘आम्ही मूळ’ म्हणून सांगावं लागतं. असो. चिअर्स!