हुजूर पक्षाची प्रचारमोहीम (युनायटेड किंग्डम, १९९२)

युनायटेड किंग्डममध्ये ९ एप्रिल १९९२ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्ता राखण्यासाठी कॉन्झर्व्हेटिव्ह अर्थात हुजूर पक्षाने पंतप्रधान जॉन मेजर यांच्या नेतृत्वाखाली ही मोहीम राबवली. तिची सूत्रे पक्षाध्यक्ष क्रिस पॅटन यांच्याकडे होती. मतदानपूर्व चाचण्यांचे अंदाज प्रतिकूल असतानाही पक्षाने सलग चौथा विजय मिळवला.

पार्श्वभूमी

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने लागू केलेल्या 'पोल टॅक्स' या दरडोई स्थानिक करामुळे देशभर असंतोष पसरला होता. पक्षांतर्गत मतभेदांमुळे नोव्हेंबर १९९० मध्ये थॅचर पायउतार झाल्या व मेजर पंतप्रधान झाले. त्यांच्यासमोर आर्थिक मंदी व वाढती बेरोजगारी ही आव्हाने होती.

धोरणे

मेजर यांनी पक्षाची मूळ आर्थिक दिशा कायम ठेवून सर्वाधिक अप्रिय ठरलेले निर्णय बदलले. पोल टॅक्सऐवजी मालमत्तेच्या मूल्यावर आधारित 'कौन्सिल टॅक्स' आणण्याचे ठरले. दरम्यानच्या काळात करदात्यांचा भार हलका करण्यासाठी १९९१ च्या अर्थसंकल्पात मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून १७.५ टक्के करण्यात आला. सार्वजनिक सेवांचा दर्जा सुधारण्यासाठी त्याच वर्षी 'नागरिकांची सनद' जाहीर झाली. मास्ट्रिख्ट येथील वाटाघाटींत ब्रिटनने एकल चलनातून व सामाजिक प्रकरणातून बाहेर राहण्याची सवलत मिळवली. अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी १० मार्च १९९२ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या २,००० पौंडांवर २० टक्के हा कमी दर प्रस्तावित केला. दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली.

प्रचार

प्रचाराचा मुख्य रोख कर या विषयावर होता. मजूर पक्ष सत्तेवर आल्यास प्रत्येक करदात्यावर वर्षाला १,२५० पौंडांचा जादा बोजा पडेल, असा दावा जाहिरातफलकांतून करण्यात आला. मजूर पक्षाने तो फेटाळला. तथापि, त्या पक्षाचे जॉन स्मिथ यांनी मांडलेल्या पर्यायी अर्थसंकल्पात उच्च उत्पन्न गटावरील करवाढ स्पष्टपणे नमूद असल्याने या प्रचाराला बळ मिळाले. मेजर यांनी साबणाच्या खोक्यावर उभे राहून रस्त्यांवर भाषणे केली. आखीव सभांच्या तुलनेत या साध्या पद्धतीमुळे त्यांची सामान्य माणसाची प्रतिमा ठसली. स्कॉटलंडच्या संदर्भात त्यांनी ब्रिटनच्या एकसंधतेचा मुद्दाही मांडला.

निकाल

हुजूर पक्षाला सुमारे ४१.९ टक्के मते व ६५१ पैकी ३३६ जागा मिळाल्या, तर मजूर पक्षाला २७१ जागा मिळाल्या. पक्षाला मिळालेल्या मतांची संख्या १ कोटी ४० लाखांहून अधिक होती. तरीही बहुमत केवळ २१ जागांचे राहिले. मोहिमेचे सूत्रधार पॅटन स्वतः बाथ मतदारसंघात पराभूत झाले. मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांनी नेतृत्व सोडले.

परिणाम व मूल्यमापन

चाचण्यांच्या अपयशाची कारणे शोधताना, हुजूर पक्षाला मत देणार असल्याचे उघडपणे न सांगणाऱ्या मतदारांचा मुद्दा पुढे आला. सदोष नमुना निवड हेही एक कारण मानले गेले. 'द सन' या वृत्तपत्राने विजयाचे श्रेय स्वतःकडे घेतले; मात्र वृत्तपत्रांच्या प्रभावाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

विजयाचा लाभ अल्पकाळ टिकला. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंडाला युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडावे लागले व आर्थिक कारभारातील सक्षमतेचा पक्षाचा लौकिक डागाळला. १९९३ मध्ये घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर लावण्याची घोषणा झाल्याने, करवाढीच्या भीतीवर निवडणूक जिंकलेल्या पक्षावरच वचनभंगाचा आरोप झाला. १९९७ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १६५ पर्यंत घसरल्या.