शब्दकोडी, श्रम आणि नशीब

बक्षिसांच्या स्पर्धांविषयी ‘बसल्या जागी पैसा’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्यांनी या स्पर्धांचा छंद मनापासून केला, त्यांची मेहनत पाहिली म्हणजे हे बोलणे किती वरवरचे आहे ते ध्यानी येते. या छंदाच्या इतिहासातील एक प्रकरण आज आपणांपुढे ठेवतो. ते आपल्या जुन्या मुंबई राज्यात घडले आणि त्याचा शेवट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झाला.

शब्दकोडे ही वस्तू मुळात परदेशची. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले कोडे छापले. तो निव्वळ करमणुकीचा प्रकार होता. पुढे त्यास बक्षीस जोडले गेले, बक्षिसामागून प्रवेशशुल्क आले आणि करमणुकीचा व्यापार झाला. आपल्याकडे या व्यापारात ‘आर. एम. डी. सी.’ हे नाव गाजले. चमारबागवाला हे तिचे चालक. ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे त्यांचे साप्ताहिक बंगलोरास छापले जाई. पण त्याचा खप मुंबई राज्यात मोठा असून, भरलेली कोडी गोळा करण्यास येथे ठिकठिकाणी प्रतिनिधी नेमलेले असत.

आता छंदिष्टाचे श्रम पाहा. कोड्यात दोन अक्षरांचा शब्द आहे. शेवटचे अक्षर ‘न’ दिलेले आहे. सूचना अशी की, ‘हे मोठे असल्याखेरीज मनुष्य मोठा होत नाही.’ उत्तर ‘मन’ की ‘धन’? सज्जन म्हणेल मन, व्यवहारी म्हणेल धन. दोन्ही शब्द चपखल बसतात, आणि खरी मेख तेथेच आहे. अशा दहा सूचना असल्या तर उत्तरांचे १०२४ प्रकार होतात. एका प्रवेशास चार आणे धरले, तरी सर्व प्रकार भरून पाठविण्यास २५६ रुपये लागावेत! म्हणून बिचारा गृहस्थ शब्दकोश उघडून बसे, कोडे रचणाऱ्याचा स्वभाव ताडण्यासाठी मागील अंकांतील उत्तरे ताडून पाही, आणि पंचवीस-तीस प्रवेश सुवाच्य अक्षरांत भरून मुदतीच्या आत रवाना करी. एवढा व्यासंग त्याने एखाद्या परीक्षेसाठी केला असता, तर परीक्षकाने खास शाबासकी दिली असती.

परंतु या परीक्षेत उत्तर आधीच पाकिटात मोहोरबंद असे. ज्याचे शब्द त्या पाकिटाशी जुळतील तो जिंकला. अधिक सयुक्तिक शब्द कोणता, हा प्रश्नच तेथे नव्हता. मग ही बुद्धीची कसोटी की जुगार?

मुंबई सरकारने १९४८ साली लॉटरी व बक्षीसस्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५२ साली त्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. चालकांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयात निकाल सरकारविरुद्ध गेला; पण ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापासून मनुयाज्ञवल्क्यांपर्यंतचे दाखले देऊन, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हेच, असा निर्णय दिला. १९५५ सालच्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्यास एक हजार रुपयांची आणि प्रवेशांवर दोन हजारांची मर्यादा घातली होती. तोही त्याच दिवशी न्यायालयाने उचलून धरला. मात्र जेथे यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धांस हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट केले. मोठ्या बक्षिसांच्या त्या कोड्यांचा काळ येथे सरला.

छंद मात्र सरला नाही. नशिबाचा वाटा सरकारने स्वतःकडे घेतला. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. बुद्धीचा वाटा घोषवाक्यांच्या स्पर्धांकडे वळला. आमचे सातपूर तेव्हा त्र्यंबक रस्त्यावरचे गाव होते, त्याची औद्योगिक वसाहत झाली, आणि १९८२ साली ते नाशिक महानगरपालिकेत सामील झाले. पाळीवरून परतलेले कामगार आणि त्यांच्या गृहिणी साबणाची वेष्टणे जपून ठेवीत, दहा शब्दांत मालाची स्तुती बसविण्यासाठी रात्र रात्र झटत. पुढे २००० साली दूरचित्रवाणीवरील ‘कौन बनेगा करोडपती’त हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने एक कोटी रुपये जिंकले. ते त्या वेळी सनदी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा करताना कौशल्य आणि नशीब हा जुना भेदही बाजूस ठेवला.

कायद्याने भेद मानो वा न मानो, घरच्या कर्त्याने तो मानला पाहिजे. स्पर्धेत उतरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हरलो तर माझ्यापाशी काय उरेल? कोश चाळून शब्द उरत असतील, वाचन उरत असेल, तर श्रम वाया गेले नाहीत. केवळ पावत्या उरत असतील, तर मोहोरबंद पाकिटातील उत्तर काहीही असो, आपले उत्तर चुकले असे समजावे.