कार्डाचा रंग आणि दवाखान्याचा दरवाजा

हिंगोली शहरात रिसाला बाजार आहे, तोफखाना आहे. नव्या पिढीला ही केवळ मोहल्ल्यांची नावे वाटतात. रिसाला म्हणजे घोडदळ, हे आता सांगावे लागते. निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची इथे छावणी होती. १९०३ साली ती फौज मोडली. घोडे गेले, तोफा गेल्या, नावे तेवढी राहिली.

इतिहास लिहिणारे अशा छावणीच्या लढाया आणि साहेबांची नावे लिहितात. आम्हाला मात्र दुसराच प्रश्न पडतो. या गावात गरीब माणूस आजारी पडला, तर त्याचा इलाज करायचा की नाही हे आजवर कोणी ठरवले, आणि कशावरून? उत्तर शोधू लागलो की प्रत्येक काळात एक यादी हाताला लागते. ज्याचे नाव यादीत तो आत, ज्याचे नाही तो बाहेर.

फौजेच्या काळी ही यादी म्हणजे पलटणीचा हजेरीपट. शिपायाला पलटणीचा डॉक्टर होता. त्याच शिपायाला पाणी पुरवणारा भिश्ती, त्याची गादी भरणारा पिंजारी, बाजारातला हमाल यांच्यासाठी हकीम, वैदू आणि ताईत. तिकडे हैदराबाद शहरात निजाम सरकारने १८४६ सालीच वैद्यकीय शाळा काढली होती आणि तिथे उर्दूतून डॉक्टरकी शिकवली जात होती. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर शहराची नव्याने उभारणी झाली, तेव्हा उस्मानिया दवाखान्याची भव्य इमारत उभी राहिली आणि १९२५ साली ती सुरू झाली. त्याचा अभिमान आपल्याला जरूर असावा. पण राजधानीतला दवाखाना कितीही भव्य असला तरी हिंगोलीच्या हमालाला त्याचा काय उपयोग? तिथवर जाण्याचे भाडे त्याच्या कनवटीला नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला होता. ज्याच्याजवळ पैसा नाही अशा माणसालाही उपचार मिळाले पाहिजेत, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र. १९४८ मध्येच कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून थोडी कपात, मालकाचा वाटा, आणि त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार. कायदा चांगला होता. पण त्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्या यादीत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग होते, साखरही होती. मराठवाड्यातल्या कापसाच्या गावांत कामगाराला त्या काळी जिनिंगखेरीज दुसरा कारखाना कोणता होता? छातीत रुईचे तंतू साठवून खोकणारा कामगार कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हता. कारण त्याचे काम काही महिन्यांचे होते. खोकला मात्र बारमाही होता.

पुढची यादी आपल्या सर्वांच्या घरात आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. नेमक्या त्याच दिवसापासून महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डे सुरू झाली. वर्षाचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळे, त्याहून जास्त पण एक लाखाच्या आत असेल तर केशरी आणि त्यापुढे पांढरे. चारचाकी गाडी असली तरी पांढरे. हिशेब करून पाहा. १५,००० रुपये म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाला एक्केचाळीस रुपये. हातगाडीवाल्याने खरे उत्पन्न सांगितले तर पिवळे कार्ड हातचे जाई, खोटे सांगितले तर गुन्हा. हे कार्ड गहू, तांदूळ आणि रॉकेलसाठी होते. दवाखान्याशी त्याचा संबंध येईल असे तेव्हा मोहल्ल्यात कुणाच्या मनात आले नव्हते. कुणाचे कार्ड भावाच्या घरी राहिले, कुणी सावकाराकडे ठेवले, कुणी जुन्या कार्डावर नवे नाव चढवलेच नाही.

१९९७ पासून राज्यात जीवनदायी योजना होती, पण ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि मोजक्या मोठ्या आजारांसाठी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळे किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. त्या आठांत शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. वसमतचा माणूस नांदेडच्या दवाखान्यात जाई, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या नांदेडकराचे ऑपरेशन सरकार करी आणि वसमतकराचे त्याची म्हैस विकून होई. दोघांच्या कार्डाचा रंग एकच. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना साऱ्या राज्यात लागू झाली, तेव्हा हा भेद मिटला.

त्यानंतर काही महिन्यांतच आमच्या खालाच्या हृदयाच्या झडपेचे दुखणे निघाले. औरंगाबादला न्यावे लागले. खालू गवंडीकाम करीत. कार्ड केशरी, योजना लागू, आजार यादीत. आम्ही निर्धास्त होतो. दवाखान्यातल्या टेबलावर कागद ठेवले आणि अडलो. रेशनकार्डावर खालाच्या नावापुढे 'बी' होते, मतदार ओळखपत्रावर 'बेगम'. खालूंचे नाव एका कागदावर महेबूब, दुसऱ्यावर मेहबूब आणि आधार कार्डावर महबूब. शेख हे एका ठिकाणी आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. टेबलामागच्या माणसाला वाटले, या तीन वेगळ्या बायका आहेत. तो वाईट नव्हता. त्याच्या समोरच्या रकान्यांत आमची नावे बसत नव्हती, इतकेच.

आमच्याकडे शेख अमुक शेख तमुक असे नाव लावण्याची रीत आहे. मुलाचे नाव, मग बापाचे. आडनाव असे वेगळे नसतेच. सरकारी अर्जात मात्र तीन चौकोन. उर्दूत एकच असलेला शब्द देवनागरीत तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि इंग्रजीत पाच. ज्याने लिहिले त्याला दोष नाही, आपण वाचून पाहिले नाही. दुरुस्तीसाठी गावी येणे, शपथपत्र, तहसीलच्या खेपा यांत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांचा खर्च खालाच्या सोन्याच्या दोन बांगड्यांतून निघाला. ऑपरेशन मोफत झाले, खाला बऱ्या झाल्या. बांगड्या परत आल्या नाहीत. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन इलाज सुरू करण्याची सोय योजनेत असते, आरोग्यमित्र नावाचा माणूस त्यासाठीच बसवलेला असतो, हे आम्हाला नंतर कळले.

२०१७ साली योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांत पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही ती लागू होती, आणि त्या चौदांत हिंगोली होती. पण मोहल्ल्यात शेतीचा सातबारा कुणाकडे? २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली, पाच लाखांची. शहरातल्या गरिबांसाठी तिच्यात कामांची यादी होती. फेरीवाला, गवंडी, हमाल, शिंपी, रिक्षावाला, मोलकरीण. वाचताना वाटे, कुणी आपल्या गल्लीतून फिरून ही यादी केली आहे. मात्र नाव २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत असले पाहिजे. त्या यादीत नसलेल्याला नव्याने अर्ज करण्याचा मार्ग नव्हता. २०११ साली जो ऊसतोडीला किंवा मुंबईला गेला होता, त्याची गरिबी मोजायची राहून गेली.

१ जुलै २०२४ पासून राज्याच्या योजनेत रंगाची भिंत पडली. पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही आत आली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. त्याच वर्षी हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावातून आजवर माणसे नांदेड-औरंगाबादला न्यावी लागली, तिथेच आता डॉक्टर घडणार आहेत. छावणीच्या हजेरीपटापासून इथवर यायला शंभरावर वर्षे लागली.

पण यादी रुंद झाली म्हणून कागद संपला नाही. नाव जुळलेच पाहिजे. सच्चर समितीने २००६ साली शहरी मुसलमानांच्या गरिबीचे चित्र देशापुढे ठेवले. त्यावर आपण खूप बोललो, परिषदा घेतल्या. ते आवश्यकच होते. सरकारला जाब विचारणे सोडू नये. पण एक जाब स्वतःलाही विचारला पाहिजे. शादीच्या दावतीच्या यादीत आपण एक नाव चुकू देत नाही. घरात आलेल्या सुनेचे नाव मात्र वर्षानुवर्षे रेशनकार्डात चढत नाही. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, निकाहनामा, आधार कार्ड, एवढ्यावर होणारे काम. ते राहते, आणि बाळंतपणात किंवा अपघातात आठवते. सर्वांत जास्त राहून जाते ते बाईचेच नाव.

दवाखान्याचा अर्ज आजारपणात करायचा नसतो, तो धडधाकट असताना करायचा असतो, हे आम्ही खालाच्या बांगड्या देऊन शिकलो. मोहल्ल्यात शिकलेली मुले-मुली आता पुष्कळ आहेत. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर किंवा वाचनालयात एक टेबल टाकून त्यांनी घरोघरची कार्डे वाचावीत. बी की बेगम, महेबूब की महबूब, आडनाव आधी की नंतर, एवढेच पाहावे आणि चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लिहून द्यावा. रिसाला बाजारातून घोडे गेले त्याला शंभरावर वर्षे झाली. आता तिथल्या प्रत्येक घरातले नाव यादीत, आणि बरोबर लिहिलेले, असायला हवे.